अमृतराव सरांचा जंत

अमृतराव सरांच्या प्रयोगशाळेपासून जवळात जवळचा समुद्र पाचशे किलोमीटरवर होता. तरीही समुद्रातल्या माशांच्या पोटात राहणाऱ्या जंतांना गेली तीस वर्षे नांदेडातच नावे मिळत होती. बाळंतपण तिकडे, बारसे इकडे.

सरांच्या हाताखाली चौदा जण डॉक्टर झाले होते आणि चौदाही जणांनी किमान एकेक नवा जंत जगाला दिला होता. पाकट नावाचा एक मासा असतो. भाकरीसारखा चपटा, मागे चाबकासारखी शेपटी, शेपटीत विषारी काटा. त्याच्या आतड्यात चपटकृमी राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली जंताच्या डोक्यावरचे हुक मोजायचे. आधी नोंदलेल्या जंतापेक्षा दोन कमी भरले की नवी जात. मग नाव. पहिला जंत सरांच्या सरांच्या नावाने झाला. दुसरा उमरीच्या, कारण उमरी हे सरांचे गाव. उमरीच्या माणसाने आजवर पाकट पाहिलेला नाही, पण पाकटाच्या आतड्यात उमरी आहे. जळकोटही आहे, ती एका विद्यार्थ्याची सासुरवाडी. सरांच्या मंडळींच्या नावाचाही एक आहे. ही गोष्ट त्यांना अजून कुणी सांगितलेली नाही.

फक्त सरांच्याच नावाचा नव्हता. स्वतःच्या हाताने स्वतःचे नाव देता येत नाही, आणि सरांच्या घराण्याची रीत अशी की गाईडचे नाव शेवटच्या विद्यार्थ्याने द्यायचे, निवृत्तीच्या तोंडावर. शेवटचा विद्यार्थी होता महांतेश. सर जूनअखेर निवृत्त होणार होते, गौरवग्रंथ छापखान्यात होता, आणि त्यातले एक पान जंतासाठी कोरे ठेवले होते.

महांतेश मूळचा उदगीरचा, लिंगायत व्यापाऱ्याच्या घरातला. त्या घरात अंडे हा शब्द फक्त गणिताच्या पेपरात शून्य पडले तरच निघायचा. अशा घरातला माणूस माशाच्या आतड्यात कसा शिरला, असे लोक विचारत. त्याचे उत्तर सोपे होते. पीएच.डी.ला विषय निवडायचा नसतो. ज्या गाईडकडे जागा रिकामी असेल त्याचा विषय आपला. महांतेश अकरा वर्षे लातूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवत होता. दरवर्षी जूनमध्ये नेमणूक, एप्रिलमध्ये निरोप. यंदा कॉलेजात एक कायम जागा निघाली होती आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात मुलाखत होती. नावामागे डॉक्टर असले तर जागा त्याची, नसले तर तो आहे तिथे. वय एकोणचाळीस. पुढची जागा निघेपर्यंत तो त्या जागेच्या वयात बसणार नव्हता.

त्याला त्या कामाची किळस होती. पहिल्या दिवशी होती तेवढीच अकराव्या वर्षी होती. सवयीने माणूस निर्ढावतो म्हणतात ते खोटे. जंताला तोंड नसते, पोट नसते. दुसऱ्याच्या आतड्यात राहायचे तर स्वतःचे आतडे कशाला पाहिजे? तो अंगानेच चाटतो. त्याच्या प्रत्येक तुकड्यात नरही असतो आणि मादीही, म्हणजे सोयरीक जुळवायची कटकट नाही. शेवटचा तुकडा अंड्यांनी फुगला की गळून पडतो आणि माशाच्या विष्ठेबरोबर जग बघायला निघतो. महांतेश हे वर्गात शिकवायचा तेव्हा पोरे शेवटच्या तासाला डबे उघडत. तो मात्र त्या दिवशी जेवायचा नाही. उन्हाळ्यात त्याची आई, गंगम्मा, बाजेवर धोतर अंथरून हातच्या शेवया वाळत घालायची. तो त्या बाजेकडे पाठ करून अंगण ओलांडायचा.

घरी आला की बायको सुकन्या दारातच अडवायची.

"अहो, आधी हात."

"कॉलेजातच धुतले."

"ते कॉलेजातले झाले. आता घरचे धुवा."

दुसरी अडचण हाताचीच होती. महांतेशच्या गळ्यात इष्टलिंग होते. रोज सकाळी ते डाव्या तळहातावर घेऊन तो पूजा करी. ज्या तळहातावर सकाळी शिव बसतो, त्या तळहातावर दुपारी माशाचे आतडे धरायचे, हे त्याला हातमोजा घालूनही जमेना. म्हणून तो सगळे उजव्या हाताने करायचा. एका हाताने काचपट्टी तयार करता येते, रंग देता येतो, चित्र काढता येते. मासा कापता येत नाही. मासा एका हाताने घसरतो.

यावर त्याने तोडगा काढला होता. रत्नागिरीच्या बंदरावर मासे कापून विकणारी एक मावशी होती. तिच्याकडे तो दोन बरण्या ठेवून आला. मोठीत ठिपक्यांच्या पाकटाची आतडी टाकायची, लहानीत काळ्या पाकटाची. फॉर्मलिन आधीच भरलेले. मावशीने तीन वर्षे बरण्या भरून पाठवल्या. एकूण एकशे अठ्ठेचाळीस आतडी. मोठ्या बरणीत एक विशिष्ट जंत निघाला, लहान बरणीत तो कधीच निघाला नाही. त्यावरून महांतेशने निष्कर्ष लिहिला, की हा जंत फक्त ठिपक्यांच्या पाकटातच राहतो. शास्त्रात याला मोठा मान आहे. जंत एका पोशिंद्याला धरून असेल तर तो नुसता जंत राहत नाही, सिद्धांत होतो.

सरांनी हे प्रकरण वाचून चष्मा काढला होता.

"हे बघ, आपल्यात पोरगी देताना पोटजात बघतेत की न्हाई? तसंच हाय. शेजारच्या पानात जेवंल, पण नांदंल आपल्यातच. लई सुंदर काम करून राहिला तू." मग चष्मा पुन्हा लावून, "नाव काय ठेवलं?"

"अमृतरावी, सर."

सर लाजले. अठ्ठावन्न प्रबंधांचे परीक्षक राहिलेला माणूस जंताला आपले नाव मिळाले म्हणून लाजला, हे महांतेशने डोळ्यांनी पाहिले.

प्रबंध गेला आणि मेच्या पहिल्या आठवड्यात बाहेरच्या परीक्षकांचे पत्र आले. परीक्षक होते डॉ. विरूपाक्ष, कारवारकडचे. पत्रात मजकूर तीनच ओळींचा होता. प्रबंध वाचला. तोंडी परीक्षेच्या वेळी उमेदवाराने संबंधित मासा आख्खा आणावा. तीस वर्षांत तुमच्याकडचे पुष्कळ जंत पाहिले, मासा एकही पाहिला नाही.

"आणू की," सर म्हणाले. "मासा तर हाय. समुद्र काय आटला न्हाई."

महांतेशने मावशीला फोन करून ठिपक्यांचा एक आख्खा पाकट मागवला, न कापता. थर्मोकोलच्या खोक्यात बर्फ घालून तो ट्रॅव्हल्सच्या डिकीतून लातूरला आला. पाकट मेल्यावर त्याच्या अंगातला युरिया कुजतो आणि त्याला मुतारीचा वास येतो. हे महांतेशने तीन वेळा परीक्षेला विचारले होते. नाकाने पहिल्यांदाच समजले.

ड्रायव्हरने खोके पायाने त्याच्याकडे सरकवले. "सर, पुढल्या टायमाला मयत पाठवा, नेऊ. हे नगं."

कॉलेजला उन्हाळ्याची सुट्टी होती, प्रयोगशाळेची किल्ली त्याच्याकडे होती. परीक्षेपूर्वी मासा एकदा उघडून बघणे भाग होते. जंत कुठल्या वळणात बसलाय हे परीक्षकांसमोर शोधत बसलो तर शोभणार नाही. पण त्यासाठी दोन हात लागणार होते. दोन दिवस बर्फ बदलत त्याने विचार केला. शेवटी घरी जाऊन आईला विचारले. तिने शेवया उलथत ऐकून घेतले.

"अय्यो, एवढंच? धू की रे अप्पा हात."

"डावा हात आहे, अव्वा. लिंगाचा."

"मग काय झालं? तुझ्या पोटात काय चंदन हाय का? तेच हाय ना आत? ते घिऊनच बसतोस की पूजेला." आणि शेवयांकडे वळून, "लांब उभा ऱ्हा. वास लागंल."

अकरा वर्षांचा प्रश्न तिने अर्ध्या मिनिटात मोडीत काढला. महांतेशला हलके वाटायला हवे होते. त्याला वाटले, आता सुटकाच नाही.

लातूरला तेव्हा नळाला बारा दिवसांनी पाणी होते. प्रयोगशाळेत दोन बादल्या. त्याने मासा ट्रेमध्ये उलटा घातला. खालून पाकटाला चेहरा असतो: दोन नाकपुड्या, एक तोंड, आणि हसू. सरकारी कचेरीतला माणूस काम होणार नाही हे सांगण्याआधी हसतो तसे. महांतेशने डाव्या हाताने त्या हसण्याखाली धरले. हातमोज्यातून गार, बुळबुळीत, आणि थोडे परत दाबणारे काहीतरी हाताला लागले. त्याने कापले. जे बाहेर आले त्यात करडे, गुलाबी आणि पित्तामुळे हिरवे असे तीन रंग होते, आणि अर्धवट पचलेला एक खेकडा पाय पोटाशी घेऊन बसला होता. आतड्याच्या आत चक्री जिन्यासारखा पडदा वळत गेलेला होता. त्याने एकेक पायरी उलगडली. प्रत्येक पायरीवर कालच्या भाताच्या पेजेसारखा दाट थर चिकटला होता. त्या थरात बारीक, पांढरे, हलायचे थांबलेले जंत होते. चाळीसएक.

त्यांतला एकही अमृतरावी नव्हता.

त्याने तीन वेळा बघितले. हुक नाहीत, डोक्याच्या पाळ्या वेगळ्या, लांबी बोटाच्या पेरापुरती. हे कुठलेतरी दुसरेच बिऱ्हाड होते.

हात दोन तांबे पाण्यात धुवून त्याने मावशीला फोन लावला. मागे लिलावाचा गलका होता.

"मावशी, मोठ्या बरणीत ठिपक्यांचाच पाकट टाकत होता ना?"

"मोठ्या बरणीत मोठी आतडी, लहानीत लहान."

"ठिपके?"

"ठिपके बघायला येळ कुठं असतो हो सर? ढीग पडलेला असतो. पोट फाडायचं, आतडं फेकायचं. तुम्ही आलात तेव्हा तुम्ही तर नाकाला रुमाल लावून तिकडं भिंतीजवळ उभे. आतडी पाठवा म्हणालात, पाठवली. कुणाची ते कधी इचारलंत?"

"आणि लहान बरणी? काळा पाकट?"

"ती भरंना. मग वरून मुशी माशाची घातली. लांबून येणारं माणूस, कमी दिलं असं नको वाटायला."

म्हणजे एकशे अठ्ठेचाळीस आतड्यांपैकी कुठले कुणाचे हे जगात कुणालाच माहीत नव्हते. सिद्धांत एवढाच उरला, की काही जंत मोठ्या बरणीत राहतात आणि काही लहान बरणीत.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तो खोके घेऊन नांदेडला सरांकडे गेला. सगळे सांगितले. सर ऐकताना सुपारी कातरत होते. कातरणे थांबले नाही.

"जंत तुझ्याजवळ हाय?"

"बरणीतला आहे, सर. तीन वर्षांचा."

"मासा तुझ्याजवळ हाय?"

"हाय."

"मग दोघांची गाठ घालून दे."

महांतेशला आधी कळलेच नाही. कळले तेव्हा तो म्हणाला, "सर, हे खोटं होईल."

"खोटं कामून? हा जंत कुठल्यातरी मास्यातच व्हता ना? आसमानातून तर पडला न्हाई. ह्या न्हाई तर ह्याच्या भावाच्या पोटात आसंल. आन् तुझी मुलाखत कधी हाय?"

"तीन जुलै."

"मग?"

सरांनी स्वतः हात लावला नाही. बावीस वर्षे त्यांनी ओल्या वस्तूला हात लावलेला नव्हता. ते प्रयोगशाळेच्या दारात नाकाला उपरणे लावून उभे राहिले आणि महांतेशने चिमट्याने बरणीतला जंत काढून माशाच्या आतड्याच्या चौथ्या वळणात ठेवला. फॉर्मलिनने तो खडूसारखा पांढरा आणि ताठ झाला होता. माशाच्या सैल, हिरव्या आतड्यात तो लग्नाच्या मांडवात चुकून शिरलेल्या पोस्टमनसारखा दिसत होता.

"जरा वळवून ठेव," सर दारातून म्हणाले. "नैसर्गिक दिसलं पायजे. डोकं आत कर त्याचं."

महांतेशने डोके आत केले.

"आता कसं." सर दोन पावले पुढे आले, मोबाइल काढला, आणि नातवाचा फोटो काढावा तशा मायेने त्यांनी दोन फोटो काढले. एक आडवा, एक उभा. "ग्रंथात उभा लागंल."

महांतेश बाहेर गेला आणि लिंबाच्या झाडाखाली त्याला उलटी झाली. अकरा वर्षांत माशाने झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षेला चाळीस माणसे होती. आजी-माजी डॉक्टर, दोन प्राचार्य, सुकन्या साडी नेसून पुढच्या रांगेत. बाहेर उप्पीट आणि केळी. खोके आत आणले तसे पाचेक मिनिटांत मागच्या रांगा उठल्या. उप्पीट खाऊन मग गेले.

डॉ. विरूपाक्ष सत्तरीकडे झुकलेले, अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट घातलेले गृहस्थ होते. खोके उघडल्यावर त्यांनी वाकून वास घेतला. चेहऱ्यात काही फरक पडला नाही.

"ताजा नाही. आमच्या घरी हा ताजा असला तर आमटीत जातो." त्यांनी उघड्या हाताने मासा पालथा केला. "ठिपके आहेत. बरोबर. हा आधीच उघडलेला दिसतोय."

"हो सर."

"उघडल्यावर काय दिसलं?"

"जंत दिसला," अमृतराव सर म्हणाले.

"मी त्यांना विचारलं."

सर महांतेशकडे बघत होते, सुकन्या बघत होती. आतड्याच्या चौथ्या वळणातून अमृतरावीचे खडूसारखे शेपूट बाहेर आले होते. खोके आत आणताना घसरले असावे. खोटे बोलायला फक्त बोट दाखवायचे होते. महांतेशने बोट दाखवले.

"तो मी ठेवलाय, सर."

"काल?"

"काल संध्याकाळी."

"आणि आत कोण होतं?"

"दुसरे होते. लहान. आणि प्रबंधातला कुठला जंत कुठल्या माशातला, ते मला माहीत नाही. मी मासा बघितला नाही. आतडी आयती आली." आणि एवढे बोलून झालेच आहे तर म्हणून, "मला किळस येते, सर."

मागून कुणीतरी खोकले. अमृतराव सर हसले आणि म्हणाले, पोरगा जरा विनोदी आहे. कुणी हसले नाही.

डॉ. विरूपाक्षांनी चिमट्याने तो जंत उचलला, उजेडाकडे धरला. "फॉर्मलिनचा वास मला दारातच आला होता. बाकीच्या तीस वर्षांच्या जंतांचा पण बहुतेक हाच वास आहे. तुमच्याकडचे सांगत नाहीत, एवढंच." त्यांनी जंत ट्रेच्या कडेला ठेवला. "विद्यापीठानं मला विचारलंय, यांना डॉक्टर करायचं का. आज नाही. सहा महिने देतो. शंभर मासे उघडा, स्वतः. प्रत्येकाचा फोटो, प्रत्येकाचे ठिपके. मग हा जंत कुणाचा ते लिहा. कुणाचाच नसला तर तसं लिहा, मी सही करीन."

"सर, माझी मुलाखत तीन जुलैला आहे."

"ती गेली," डॉ. विरूपाक्ष म्हणाले. आवाजात राग नव्हता. हात धुवायला ते बाहेर गेले आणि नळाला पाणी नाही म्हणून तसेच परत आले.

लातूरला परत जाताना गाडीत सुकन्याने लोहा येईपर्यंत बोटांवर काहीतरी मोजले. मग म्हणाली, "शंभर?"

"शंभर."

"बोललात ते बरं केलंत." खिडकीची काच पूर्ण खाली करून, "कपडे मात्र तिकडंच टाकून या."

जुलैत ती जागा दुसऱ्या उमेदवाराला मिळाली. त्याचा विषय गोड्या पाण्यातल्या गोगलगायी होता आणि त्याने गोगलगायी पाहिल्या होत्या, असे म्हणतात. गौरवग्रंथ कोऱ्या पानासह प्रसिद्ध झाला. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठली तसे महांतेशने ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात रत्नागिरीच्या गाडीची चौकशी केली. त्याच संध्याकाळी अमृतराव सरांचा फोन आला. तोंडी परीक्षेनंतर ते त्याच्याशी बोललेले नव्हते.

"चाललास म्हणं."

"हाव सर. परवा."

"शंभर मासे तू एकटाच बघणार?"

"अजून कोण आहे?"

पलीकडे बराच वेळ सुपारी कातरल्याचा आवाज आला.

"आन् त्यात सापडलाच न्हाई तर?"

"तर तसं लिहायचं, सर. परीक्षकांनी सांगितलंय."

"म्हंजे अमृतरावी न्हाईच असं लिवणार."

"कुठल्या माशात न्हाई, एवढंच लिहीन."

"एकच झालं ते." सरांनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "तुझी नजर कच्ची हाय. तू किळस करतो, घाईघाईत वळणं उलगडतो. चौथ्या वळणात आसंल आन् तुला दिसणार न्हाई. माझं बी तिकीट काढ."

"सर, तुम्ही बंदरावर?"

"खिडकीचं काढ," अमृतराव सर म्हणाले. "मला वास सहन व्हत न्हाई."